अनेड्डा म्हणजे कोणतं झाड?

रानातलं उपयोगी झाड ओळखणारा माणूस नाहीसा झाला, तर नुसत्या नावाचा काय उपयोग? कॅनडाच्या इतिहासात याचं एक करुण उदाहरण आहे.

१५३५ सालच्या हिवाळ्यात फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए याची जहाजं स्टाडाकोना गावाजवळ, म्हणजे आजच्या क्वेबेक शहराच्या परिसरात, बर्फात अडकली. त्याच्या ११० माणसांना स्कर्व्हीनं गाठलं. हिरड्या सडल्या, पाय सुजून काळे पडले आणि २५ जण दगावले. अशात गावच्या मुखियाचा मुलगा डोमागाया कार्तिएला भेटला. दहा-बारा दिवसांपूर्वी याच दुखण्यानं बेजार असलेला हा तरुण आता ठणठणीत होता! आपली दुर्बलता उघडी पडू नये म्हणून ‘माझा एक नोकर आजारी आहे’ एवढंच कार्तिए बोलला. डोमागायानं दोन बायकांकरवी अनेड्डा नावाच्या झाडाच्या फांद्या आणवल्या. पाला आणि साल उकळून काढा प्यायचा, चोथा सुजेवर बांधायचा. आठवडाभरात एक मोठं झाड संपलं आणि माणसं उठून चालू लागली. आज आपण जाणतो, हा क जीवनसत्त्वाचा गुण.

या उपकाराची फेड कशी झाली? मे १५३६ मध्ये कार्तिएनं डोमागाया, त्याचे वडील डोनाकोना आणि इतरांना पकडून फ्रान्सला नेलं. त्यांतलं कोणीही गावी परतलं नाही.

१६०८ साली शाम्प्लेन यानं त्याच जागी वसाहत केली, तेव्हा स्टाडाकोनाचे लोक तिथे उरले नव्हते. अनेड्डा हे नाव शाम्प्लेनला ठाऊक होतं, पण त्यानं ज्यांना विचारलं त्यांना ते परकं होतं. पहिल्याच हिवाळ्यात स्कर्व्ही आणि हगवणीनं २८ पैकी २० माणसं गेली. औषध बहुधा आसपासच्या रानातच उभं होतं!

कार्तिएच्या वृत्तान्तात काढ्याची कृती आहे, पानाफळांचं वर्णन नाही. ऐन थंडीत पाला होता, म्हणून झाड सदाहरित, हा तर्क. कोणी अभ्यासक ते थुया, म्हणजे आपल्या बागेतल्या मोरपंखीचा नातलग, मानतात. कोणी बाल्सम फर. आणि त्याच रानात यू नावाचं सदाहरित झुडूपही वाढतं. त्याचा पाला विषारी असतो. तिथे अंदाज चालत नाही. बोट दाखवून ‘हेच ते’ म्हणणारं जाणतं माणूसच लागतं.