वांगी रंगाची गोष्ट

मुसलमानांचा रंग कोणता? आपल्याकडे कुणालाही विचारा, उत्तर एकच येईल: हिरवा. लग्नपत्रिका असो, जलशाचं पोस्टर असो की शाळेतला उर्दू कार्यक्रमाचा फलक, हिरव्याशिवाय पान हलत नाही. आपणही ते मुकाट मान्य करून टाकलंय. म्हणून आज एका दबक्या रंगाबद्दल लिहितो. जांभळ्याची ही गडद, किंचित विटकी छटा. साडीच्या दुकानात तिला वांगी रंग म्हणतात, उर्दूत बैंगनी.

आधी शब्दच बघा. वांग्याला संस्कृतात एक नाव आहे 'वातिंगण'. ते फारसीत जाऊन 'बादिंजान' झालं, अरबीत 'अल-बादिंजान'. अरबांबरोबर ते स्पेनला पोहोचलं आणि पुढे फ्रेंचांनी त्याचं 'ओबर्जिन' केलं. आजचे डिझायनर याच रंगाला ऐटीत ओबर्जिन म्हणतात, तेव्हा ते नकळत आपल्या वांग्याचंच नाव घेत असतात!

आता तुर्कस्तानातल्या इझनिक गावी जाऊ. उस्मानी काळात इथली चिनी मातीसारखी पांढरीशुभ्र भांडी आणि फरशा प्रसिद्ध होत्या. साधारण 1540 ते 1555 या काळात तिथल्या कारागिरांनी निळ्या आणि राखट हिरव्या रंगाच्या जोडीला मँगनीजपासून मिळणारा वांगी रंग वापरला. फुलांच्या पाकळ्यांत, फळांत तो बेताने भरलेला दिसतो. तो स्वतः पुढे येत नाही, पण त्याच्यामुळे निळा खोल वाटतो आणि हिरवा शांत.

मग आला लाल. 1557 साली सिनान या वास्तुकाराने इस्तंबूलची सुलेमानिया मशीद पूर्ण केली. तिच्या फरशांवर लोहयुक्त मातीचा, बोटाला उंचवटा लागेल असा जाड लाल रंग झळकला. दरबाराला तो आवडला आणि इझनिकमधून वांगी रंग मागे पडला.

दमास्कसच्या कारागिरांकडे मात्र तो लाल नव्हता. त्यांनी निळा, फिरोजी, हिरवा आणि वांगी यांवरच काम चालू ठेवलं. तिथल्या सोळाव्या शतकातल्या मशिदींच्या भिंतींवर ते आजही पाहता येतं. गंमत म्हणजे, पुढे युरोपातल्या संग्राहकांनी इझनिकची वांगी रंगाची भांडीही दमास्कसची समजून 'दमास्कस वेअर' म्हणून नोंदवली!

या भिंतींवर हिरवा आहेच, पण एकटा नाही. ज्यांच्या मशिदींनी इतके रंग सांभाळले, त्यांना एका रंगात गुंडाळण्याचं काम इतरांनी केलं, तसं आपल्या आळसानेही केलं. पुढचं पोस्टर कराल तेव्हा जमीन पांढरी ठेवा, निळा आणि हिरवा घ्या आणि थोडासा वांगी टाका. हिरवा कुठेही जाणार नाही. त्याला फक्त शेजार मिळेल.