होळकरांचा वेग

इ. स. १८०४ च्या ऐन पावसाळ्यांत यशवंतराव होळकरांच्या स्वारांनीं कर्नल मॉन्सनच्या फौजेला मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत कसें पिटाळलें, ही हकीकत मराठी इतिहासाच्या वाचकाला नवी नाहीं. चिखलांत रुतलेल्या तोफा टाकून देत इंग्रजांची फौज मागें हटत होती, आणि होळकरांचीं घोडीं तिची पाठ सोडीत नव्हतीं. परंतु त्याच वर्षाच्या १७ नोव्हेंबरला फरुकाबादेजवळ काय झालें, हें आपण जरा घाईघाईनेंच वाचून टाकतों. जनरल लेकनें रात्रभर न थांबतां आपलें घोडदळ दौडवीत आणलें आणि उजाडतां उजाडतां होळकरांच्या झोपलेल्या छावणीवर घातलें. ज्या गुणावर यशवंतरावांचा सारा भरंवसा होता, त्याच गुणांत त्या एका रात्रीपुरती त्यांच्यावर मात झाली. तोफा पुन्हां ओततां येतात, पलटणी पुन्हां उभ्या करतां येतात. पण आपल्याहून कोणी वेगानें येऊं शकतो हें कळल्यावर शिलेदाराच्या मनाची जी स्थिति होते, तिला औषध नाहीं.

या घराण्याचा वेगाशीं असा जुना संबंध आहे. म्हणून त्याच गादीवरील त्याच नांवाच्या दुसऱ्या पुरुषानें सव्वाशें वर्षांनंतर परदेशांतून जी मोटार घेतली, तिच्याकडे केवळ संस्थानिकी चैन म्हणून पाहून भागत नाहीं. चैन तर ती होतीच. परंतु चैनींतहि इतिहास असतो, आणि पुष्कळदां दप्तरांतल्यापेक्षां अधिक मोकळेपणानें बोलतो.

दुसरे यशवंतराव १९०८ सालीं जन्मले. चीम, चार्टरहाउस आणि ऑक्सफर्डचें क्राइस्ट चर्च अशा त्यांच्या शिक्षणाच्या पायऱ्या होत्या. कागलकर घाटग्यांच्या घरांतील संयोगिताबाई या त्यांच्या पत्नी. त्यांना गादी मिळाली तीहि, चमत्कारिक योगायोग असा कीं, एका मोटारीच्या वाटेनेंच. १२ जानेवारी १९२५ रोजीं मुंबईंत मलबार हिलवर एका मोटारींतून आलेल्या टोळीनें अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याचा खून केला. त्याच्यासोबत असलेली मुमताज बेगम पूर्वीं इंदूर दरबारीं होती. चौकशीचे धागे इंदूरपर्यंत गेले आणि चौकशी-मंडळापुढें जाण्यापेक्षां तुकोजीराव महाराजांनीं २६ फेब्रुवारी १९२६ रोजीं गादी सोडणें पत्करलें. मुलगा तेव्हां सतरा वर्षांचा होता. राज्याचा पूर्ण अधिकार त्याच्या हातीं आला तो १९३० सालीं.

या तरुण महाराजांची अभिरुचि आपल्या इतर संस्थानिकांहून निराळी होती. सोन्याचे हौदे आणि चांदीचीं सिंहासनें यांचें त्यांना आकर्षण नव्हतें. इंदूरचा माणिकबाग राजवाडा त्यांनीं एकार्ट मुथेसिअस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून बांधवून घेतला. त्यांत लोखंडी नळ्यांचें आणि कांचेचें नव्या तऱ्हेचें सामान होतें. ब्रांकुशी या शिल्पकाराचे आकाशांत झेपावणारे पक्षी त्यांनीं विकत घेतले. ज्या माणसाला पक्ष्याच्या पंखांपेक्षां त्याची झेपच तेवढी हवी होती, त्यानें मोटारहि तशीच मागावी यांत नवल नाहीं.

ती मोटार ड्यूसेनबर्ग. जर्मनींतील लिप्पे प्रांतांतून लहानपणींच अमेरिकेंत आलेल्या फ्रेड आणि ऑगस्ट या दोघां भावांचें हें नांव. १९२८ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत त्यांचा ‘जे’ नमुना मांडला गेला. एका रांगेंत आठ सिलिंडर, जवळजवळ सात लिटरचें इंजिन आणि दोनशें पासष्ट अश्वशक्ति, असा कंपनीचा दावा होता. पुढें हवा दाबून भरणारा सुपरचार्जर बसवून तो आंकडा तीनशें वीसवर नेला. त्या काळीं फोर्डची साधी मोटार पांचशें डॉलरांच्या आसपास मिळत असे. ड्यूसेनबर्गची नुसती चॅसी, म्हणजे चाकें, यंत्र आणि सांगाडा, साडेआठ हजार डॉलरांना होती. वरचें शरीर गिऱ्हाइकानें आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यावयाचें. महाराजांनीं तें लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून करविलें. दोन आसनांची, मागें होडीच्या नाळेसारखी निमुळती होत गेलेली आणि नारिंगी व काळ्या रंगांची ही गाडी १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यास तयार झाली. याच कारखानदारांनीं १९३१ सालीं माल्कम कॅम्बेलच्या विक्रमी ‘ब्ल्यू बर्ड’चें शरीर घडविलें होतें.

वाचकांपैकीं कित्येकांना हा प्रकार विचित्र वाटेल: यंत्र एका खंडांत, शरीर दुसऱ्या खंडांत, धनी तिसऱ्या खंडांत! मला तो तितकासा विचित्र वाटत नाहीं, कारण आमच्या हमरापुरास असेंच चालतें. पेण तालुक्यांतील हें गांव आणि शेजारचीं जोहे, तांबडशेत, कळवे हीं गांवें गणपतीच्या कारखान्यांचीं. साच्यांतून निघालेली कच्ची मूर्ति एका कारखान्यांतून जाते, तिला रंग दुसरीकडे चढतो आणि डोळ्यांची आखणी करणारा हात कदाचित् तिसऱ्याच गांवचा असतो. यांतल्या कित्येक मूर्ति चतुर्थीच्या कित्येक महिने आधीं पेट्यांत बंद होऊन बोटीनें इंग्लंड-अमेरिकेस जातात. परंतु कोंकणांतल्या जुन्या घरांचा रिवाज निराळा आहे. तीं आपला पाट आधीं कारखान्यांत देऊन ठेवतात, मधून मधून जाऊन मूर्ति कोठवर आली तें पाहतात, आणि आदल्या दिवशीं घरचा कर्ता पुरुष स्वतः जाऊन ती घेऊन येतो. पैसे दिले म्हणजे वस्तु आपली झाली, असें तीं मानीत नाहींत. घडविणाराच्या दारांतून स्वतःच्या हातांनीं ती उचलून आणावी, तेव्हांच ती आपली होते.

परदेशीं जाऊन कारखान्याच्या दारांतून नवी मोटार घेण्याची जी हौस आज पैसेवाल्यांत दिसते, तिच्या मुळाशीं हीच भावना आहे असें मला वाटतें. तिचा फायदा कारखानदारांनींहि ओळखला आहे. जर्मनींत वोल्फ्सबुर्ग येथें २००० सालीं आणि म्युनिक येथें २००७ सालीं, गिऱ्हाइकाच्या हातीं किल्ली देण्यासाठीं म्हणून जवळजवळ मंदिरांसारख्याच इमारती उघडण्यांत आल्या. अमेरिकेंतल्या गिऱ्हाइकानें म्युनिकला यावें, गाडी घ्यावी, चार देश हिंडावें आणि मग ती बोटीनें घरीं पाठवावी, अशी बीएमडब्ल्यू कंपनीची सोय कित्येक दशकें चालली. ती २०२० सालीं बंद झाली. लांबट, दोनच दारांच्या, बुटक्या छपराच्या ज्या गाड्यांसाठीं ही यात्रा होत असे, त्यांना ‘कूपे’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ ‘कापलेली’. घोडागाडीच्या काळांत चार आसनांच्या बर्लिन गाडीचा पुढचा भाग छाटून दोघांपुरती गाडी करीत, तिचें हें नांव. वेगाची गाडी म्हणजे जिच्यांतून सोबतीचीं माणसें कापून टाकलीं ती. भाषेनें हें आधींच सांगून ठेवलें आहे.

परंतु मोटार घेतली तरी ती धांवावी कोठें? दुसऱ्या यशवंतरावांच्या वेळीं हा प्रश्न खरोखरच अवघड होता. ताशीं शंभर मैलांच्या पलीकडे जाणाऱ्या गाडीला साजेल असा रस्ता जगांत मोजक्याच ठिकाणीं होता. बर्लिनच्या आव्हुस मार्गावर १९२१ पासून वाहतूक चालू होती. इटलींत पुरिचेल्ली या इंजिनिअरनें मिलान ते वारेसे हा केवळ मोटारींसाठीं टोल घेऊन चालणारा रस्ता १९२४ च्या सप्टेंबरांत उघडला. कोलोन-बॉन रस्ता १९३२ सालीं झाला; त्याचें उद्घाटन करणारे कोलोनचे महापौर म्हणजे पुढें पश्चिम जर्मनीचे पंतप्रधान झालेले आदेनाउअर. हांबुर्गपासून बाझेलपर्यंत सलग रस्ता न्यावा म्हणून तर १९२६ पासूनच एक संस्था खटपट करीत होती. ही सनावळ मीं मुद्दाम दिली. जर्मनीचे महामार्ग हिटलरच्या डोक्यांतून निघाले, असा समज अजून सुशिक्षितांतहि आढळतो. त्यानें आयती योजना उचलली, १९३३ च्या सप्टेंबरांत फावडें हातीं घेऊन चित्रें काढविलीं, आणि १९ मे १९३५ रोजीं फ्रांकफुर्ट-डार्मश्टाट हा तुकडा उघडून सारें श्रेय आपल्या पदरांत टाकलें. पुढें युद्धाच्या काळांत याच रस्त्यांवर ज्यूंना आणि इतर कैद्यांना वेठीस धरून राबविलें गेलें.

त्या फ्रांकफुर्ट-डार्मश्टाट रस्त्यावरच २८ जानेवारी १९३८ च्या सकाळीं काराच्योलानें ताशीं ४३२ किलोमीटरांहून अधिक वेग गांठला. तो विक्रम मोडावयास त्याच सकाळीं रोझेमायर निघाला. वाऱ्याचा झोत आडवा आला, गाडी भरकटली आणि तो ठार झाला. वय अवघें अठ्ठावीस. ड्यूसेनबर्ग बंधूंपैकीं फ्रेडची गतहि फारशी निराळी नाहीं. १९३२ च्या जुलैंत पेनसिल्व्हेनियांतल्या ओल्या रस्त्यावर त्याची स्वतःच्याच कारखान्याची गाडी घसरली, आणि त्या दुखण्यांतून तो उठला नाहीं. म्हणजे इंदूरच्या महाराजांची गाडी तयार झाली तेव्हां तिचा मूळ कर्ता हयात नव्हता.

डी क्विन्सीनें १८४९ सालीं टपालाच्या घोडागाडीवर एक निबंध लिहिला आहे. आगगाडीचा वेग आपल्याला घड्याळाच्या हिशोबानें कळतो, घोड्यांचा मात्र त्यांच्या डोळ्यांत, नाकपुड्यांत आणि टापांत प्रत्यक्ष दिसतो, असें त्याचें म्हणणें. वर्गांत हा निबंध शिकवितांना मला नेहमीं होळकरांच्या दोन पिढ्या आठवतात. पहिल्या यशवंतरावांच्या वेगाला रस्ता लागत नव्हता. त्याला चंदी आणि वैरण लागत होती, आणि ती वाटेवरच्या खेड्यांतून, बहुधा जबरीनें, उचलली जात होती. दुसऱ्यांच्या वेगाला पेट्रोल लागत होतें, आणि त्याहून अधिक म्हणजे गुळगुळीत रस्ता. त्यांच्या राज्यांतून जाणारा मुंबई-आग्रा मार्ग म्हणजे खडीचा, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडलेला रस्ता. ड्यूसेनबर्गचे तीनशें वीस घोडे तेथें तट्टांच्या चालीनेंच जाणार. आणि या घोड्यांच्या चंदीचे पैसे माळव्याच्या कापूस-गहूं पिकविणाऱ्या रयतेच्या साऱ्यांतूनच येत होते.

येथें थांबून महाराजांना उधळ्या म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण इंदूरच्या नगररचनेची पॅट्रिक गेडिसकडून १९१८ सालीं करवून घेतलेली योजना याच दरबारची, आणि गंभीर नदी अडवून शहराला पाणी देणारें यशवंतसागर धरण याच महाराजांच्या कारकीर्दींतलें. सी. के. नायडूंच्या हाताखालीं ज्या होळकर संघानें रणजी करंडक चार वेळां जिंकला, त्यालाहि आश्रय त्यांचाच. एकाच खजिन्यांतून धरण आणि ड्यूसेनबर्ग दोन्ही निघतात, ही संस्थानी राज्याची खरी अडचण होती. धरण झालें तें राजा भला होता म्हणून. उद्यां त्यानें तें न बांधतां आणखी दहा मोटारी घेतल्या असत्या, तर त्याला विचारणारा कोणी नव्हता. २८ मे १९४८ रोजीं इंदूर मध्यभारतांत विलीन झालें, तेव्हां ही अडचण संपली.

रस्त्यांची मात्र संपली नाहीं. बोर घाटाची गाडीवाट १८३० सालीं गव्हर्नर माल्कमनें खुली केली. तिच्यानंतर मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग पूर्ण होण्यास २००२ साल उजाडलें. समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें आणि शेवटचा जून २०२५ मध्यें उघडला. ताशीं एकशेंवीस किलोमीटरांची मुभा असलेला ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता महाराष्ट्राच्या मधोमध गेला, आणि १ जुलै २०२३ च्या रात्रीं सिंदखेडराजाजवळ त्यावर एक खाजगी बस उलटून पेटली. पंचवीस प्रवासी गेले. त्यांतला कोणीहि शर्यतींत उतरलेला नव्हता. जर्मनींत कांहीं महामार्गांवर अजून वेगाला कायद्याची मर्यादा नाहीं, केवळ एकशेंतीसची शिफारस आहे, याचा दाखला आपल्याकडचे हौशी लोक मोठ्या उत्साहानें देतात. तेथें उजवी बाजू सोडून विनाकारण मधून चालणाऱ्याला दंड होतो, आणि परवाना मिळविण्यासाठीं महामार्गावर शिकवणी घ्यावी लागते, हें सांगावयाचें मात्र विसरतात. आमच्या हमरापुरावरून जाणाऱ्या मुंबई-गोवा रस्त्याचें पनवेलपासून इंदापूरपर्यंतचें रुंदीकरण २०११ सालीं हातीं घेतलें गेलें आणि दशकाहून अधिक काळ रेंगाळलें. त्या सर्व वर्षांत भाद्रपदापूर्वीं या खड्ड्यांतून मूर्ति घेऊन जाणारे टेम्पो ज्या जपणुकीनें चालविलेले मीं पाहिले, तशी जपणूक मला कोणत्याहि कूपेवाल्याजवळ आढळली नाहीं. शाडूची सोंड मोडली तर तिला कारखान्याची हमी नसते.

दुसरे यशवंतराव ५ डिसेंबर १९६१ रोजीं वारले. ड्यूसेनबर्ग कंपनी १९३७ सालींच बंद पडली होती. तिच्या उरलेल्या गाड्या आज परदेशच्या संग्राहकांकडे फिरतात आणि लिलावांत त्यांना राज्याच्या मोलाच्या किंमती येतात. माणिकबागेंतील सामानहि १९८० सालीं मोनाकोंत लिलावानें विकलें गेलें. खुद्द त्या राजवाड्यांत नंतर केंद्र सरकारचें अबकारी व जकात खात्याचें कचेरीघर आलें.