डॉक्टरकीची परीक्षा आणि उर्दू

कोथरूडच्या कर्वे पुतळ्यापाशी आम्ही रोज बसची वाट पाहत उभे असतो. आजूबाजूला क्लासेसचे फलक, त्यांवर ‘नीट’मध्ये चमकलेल्या मुलांचे फोटो. आमची उर्दू माध्यमाची शाळा नदीपलीकडे. तिथलं पोर त्या फलकांवर आम्हाला अजून दिसलेलं नाही.

हा पुतळा ज्यांचा, त्या महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं आणि मातृभाषा हेच शिक्षणाचं माध्यम ठरवलं. पाठोपाठ 1918 मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. तिथं उच्च शिक्षण उर्दूतून मिळे, वैद्यकीयसुद्धा! पुस्तकांसाठी दारुत्तर्जुमा नावाचा खास भाषांतर विभाग होता. विज्ञानाची परिभाषा तिथं घडली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. म्हणजे औरंगाबादचा मुलगा उर्दूतून डॉक्टर होऊ शकत होता. त्याच्या शेजारच्या मराठी मुलाला मात्र ती भाषा परकी होती, हेही आपण विसरू नये. 1948 मध्ये हैदराबाद भारतात आलं आणि तो प्रयोग आटोपला.

महाराष्ट्रात आधी बारावीच्या गुणांवर प्रवेश होत, मग राज्याची सीईटी आली. तिची प्रश्नपत्रिका इंग्रजी, मराठी आणि उर्दूतही मिळायची. आम्हीही ती दिली. नंबर लागला नाही, बी.एड. केलं.

‘नीट’ पहिल्यांदा 2013 मध्ये झाली. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि एप्रिल 2016 मध्ये आपलाच निकाल मागे घेतला. अध्यादेशामुळे त्या वर्षापुरती राज्याची सीईटी वाचली. 2017 पासून मेडिकल, डेंटल सगळ्यांना एकच दार. त्या वर्षी दहा भाषांत पेपर निघाला, त्यांत मराठी होती, उर्दू नव्हती. स्टुडंट्स इस्लामिक ऑर्गनायझेशन सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने एप्रिलमध्ये सांगितलं, पुढच्या वर्षापासून उर्दू घ्या. पण परीक्षा मे महिन्यात होती. त्या वर्षीच्या मुलांचं काय?

आमची एक माजी विद्यार्थिनी त्याच वर्षी बसली होती. दहावीपर्यंत ती ‘जियाई तालीफ’ शिकली, अकरावीत त्याचं ‘फोटोसिंथेसिस’ झालं. मराठीचा पेपर घ्यावा तर तिथं ‘प्रकाशसंश्लेषण’. तिन्ही एकच, पण घड्याळ चालू असताना हे कोणाला आठवतं? तिनं इंग्रजी घेतलं. पुढं ती फार्मसीला गेली. घरी आली की अजून म्हणते, “सर, सवाल आते थे, लफ्ज नहीं आते थे.”

2018 मध्ये उर्दूचा पेपर आला. आम्ही शाळेत पेढे वाटले. खरं सांगायचं तर घाईच केली. सुरुवातीच्या वर्षांत लाखो उमेदवारांमध्ये उर्दू निवडणारे दोन हजारांच्या आसपासच राहिले. कारण सोपं आहे. आमची मुलं अकरावी-बारावीला विज्ञान इंग्रजीतूनच शिकतात. पेपर उर्दूत मिळाला तरी त्यांच्या हातातली पुस्तकं इंग्रजीच. शिवाय भाषांतरात वाद झाला तर इंग्रजी प्रश्न अंतिम मानला जातो. त्याच 2018 मध्ये तमिळ पेपरातल्या 49 प्रश्नांच्या भाषांतरावरून मद्रास उच्च न्यायालयाने 196 गुण देण्याचा आदेश दिला, तो सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही.

दारुत्तर्जुमानं आधी पुस्तकं केली, मग परीक्षा घेतली. आपण उलट्या क्रमानं गेलो. आता आम्ही नववीपासूनच फळ्यावर दोन शब्द शेजारी शेजारी लिहितो: खलिया, सेल. मुलं कुरकुरतात, दुप्पट पाठांतर म्हणतात. वही मात्र प्रत्येकाकडे आहे.