मामांचं भिंग

परवा नांदेडला गेलो तेव्हा मामांनी त्यांचं जुनं भिंग माझ्या हातात ठेवलं. डोळ्याच्या खोबणीत बसवायचं, काळं, घड्याळजींचं असतं ते.

"सोल्डरिंग करायलास म्हणं. घे, डोळे फोडून घेऊ नको."

या भिंगातून मामांनी किती एचएमटी उघडली असतील! एचएमटीने सिटिझनच्या मदतीने १९६१ साली बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. चावीची घड्याळं आणि घड्याळजी यांचं जमलं. मग क्वार्ट्झ आलं. सेइकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ डिसेंबर १९६९ मध्ये बाजारात आणलं होतं. आमच्याकडे ते उशिरा पोचलं, पण येताना चाकांशेजारी सर्किट घेऊन आलं. मामा सेल बदलून द्यायचे, सर्किटला हात लावायचे नाहीत. "ते आपलं काम नाही" म्हणायचे. पुढे दुकान बंद झालं.

लातूरला परतल्यावर भिंग लावून मोबाइलच्या बोर्डवर बसलो. रेझिस्टर एक मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद. दिसला झकास, पण सोल्डरिंग आयर्नचं टोक भलतीकडेच टेकलं आणि भुवई थोडक्यात वाचली!

कारण साधं आहे. २५ सेंटिमीटरला भिंगाच्या पटीने भागा. वस्तू साधारण तेवढी जवळ धरावी लागते. पाच पटीला ५ सेंटिमीटर, दहा पटीला फक्त अडीच. एवढ्यात बारीक स्क्रू ड्रायव्हर मावतो, साडेतीनशे अंशांचं टोक आणि फ्लक्सचा धूर मावत नाही. शिवाय एका डोळ्याला खोलीचा अंदाज येत नाही.

होरेशियो ग्रीनो या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाला बारीक जीव खोलीसकट बघायचे होते. त्याच्या कल्पनेवरून जर्मनीतल्या झाइसने १८९० च्या दशकात दोन्ही डोळ्यांनी बघायचा स्टिरिओ मायक्रोस्कोप बनवला. मोबाइल दुरुस्तीच्या टेबलांवर आज दिसतो तो त्याच घराण्यातला. मी तसाच घेतला, खाली अर्ध्या पटीची जोडभिंग लावून. त्याने वस्तू निम्मीच मोठी दिसते, पण हाताला जवळपास दुप्पट जागा मिळते. तेव्हा घेताना "किती पट?" च्या आधी "खाली जागा किती?" हे विचारा.

गेल्या रविवारी मामा आले. मायक्रोस्कोपमधून बराच वेळ बघत होते. मी आयर्न हातात दिलं. पहिल्याच फटक्यात रेझिस्टर जागेवर!

"हेबी आपलंच काम होतं की रे..." एवढंच म्हणाले.

मी चहा टाकायला उठलो.