अठरा कचेरी आणि दप्तरातील माणसे

कब्बन पार्कलगतच्या तांबड्या इमारतीस बंगळूरकर आजही 'अठरा कचेरी' म्हणतात. 1868 साली सरकारची अठरा खाती तेथे एकत्र आली, म्हणून हे नाव. आता तेथे उच्च न्यायालय आहे. 'अठरा' हा शब्द कानी पडताच आम्हां मराठी मंडळींची मान सहज वळते. परंतु या नगरीशी असलेले आपले नाते सांगताना आम्ही शहाजीराजांच्या जहागिरीपाशीच थांबतो. पुढील दोन शतके दौत-लेखणी घेऊन बसलेल्या कारकुनांची आठवण आम्हांस क्वचितच होते.

हैदरअलीच्या अमदानीत म्हैसूरचे सरकारी हिशेब कन्नड व मराठीत लिहिले जात. टिपूने फारसी सुरू केली आणि वसुलीवर 'आसफ' नावाचे नवे अंमलदार नेमले. त्यांपैकी पुष्कळांना गावोगावच्या जमाखर्चाची ओळख नव्हती. त्यामुळे हुकूम फारशीत सुटले, तरी काम बव्हंशी जुन्याच हातांनी चालले. ज्यांची भाषा दप्तरातून काढली, त्यांच्यावाचून दप्तर चालेना! त्या कारकुनांना काय वाटले असेल? त्याची नोंद कोणी केली नाही; वह्यांत रकमा आहेत, मने नाहीत.

1799 मध्ये टिपू पडला. त्याच्याच पदरचा पूर्णय्या, जातीने देशस्थ माध्व, नव्या राज्याचा दिवाण झाला आणि 1811 पर्यंत राहिला. गादी बदलली, कारभारी तोच राहिला. लष्करी विजयाइतकीच ही गोष्टही राज्य सावरण्यास कारण झाली, असे आम्हांस वाटते.

1831 मध्ये कंपनीने कारभार हाती घेतला आणि कचेरी म्हैसूरहून बंगळुरास आली. मार्क कब्बन याने 1834 पासून 1861 पर्यंत एतद्देशीय रीत फारशी मोडली नाही. त्याचे दप्तर किल्ल्यातील टिपूच्या महालातच होते. 1862 मध्ये आलेल्या बोअरिंगने मात्र घडीच बदलली. तीन विभाग, आठ जिल्हे अशी नवी रचना झाली. 1863 पासून मुंबईच्या धर्तीवर जमीनमोजणी सुरू झाली. इंग्रजी जाणणाऱ्यास बढतीची वाट मोकळी झाली. ज्याचा जन्म मोडी वळणात गेला, त्याने उतारवयात नवी लिपी गिरवावी की घरी बसावे?

1881 मध्ये राज्य वडियारांकडे परत आले. 1876-78 च्या दुष्काळाने तिजोरीवर ऐंशी लक्षांचे कर्ज झाले होते. दिवाण रंगाचार्लूंनी काटकसर आरंभली; हासन व चित्रदुर्ग हे जिल्हे मोडून उपजिल्हे केले. 1886 मध्ये ते पुन्हा उभे राहिले. हिशेबाच्या दृष्टीने अवघ्या चार-पाच वर्षांची ही उलथापालथ; पण जागा गेलेल्या माणसाचे चार वर्षांत मुलीचे लग्न लांबते, घर गहाण पडते.

पुढे तंजावरकडील मराठी घराण्यांतील व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव हे दिवाण झाले, हे आम्ही अभिमानाने सांगतो. त्यांच्या हाताखालच्या मराठी कारकुनांची मुले मात्र कन्नड शाळांत शिकली, कन्नडातच अर्ज लिहू लागली. 'शिरस्तेदार', 'जमाबंदी' हे आमच्या जुन्या दप्तरांतले शब्द मात्र कानडी कचेरीत पुढेही चालत राहिले.