१८७२ : घोड्यांचा ज्वर आणि रेल्वेचे रूळ

९ नोव्हेंबर १८७२ ची रात्र. अमेरिकेतील बॉस्टनच्या व्यापारी पेठेत आग भडकली आहे आणि वाफेचे अवजड बंब चक्क माणसे ओढून नेत आहेत. बंबांचे घोडे तबेल्यांत आजारी पडून आहेत.

त्या आगीत ७७६ इमारती गेल्या. घोड्यांच्या साथीने बॉस्टन जाळले, असे आजही सर्रास लिहिले जाते. चौकशी आयोगाने मात्र घोड्यांअभावी झालेला विलंब काही मिनिटांचाच ठरवला. खरे दोष होते अरुंद जलवाहिन्या आणि लाकडी छपरे. तेव्हा ही लोकप्रिय कथा बाजूला ठेवू. या साथीचे महत्त्व वेगळेच आहे.

साथ प्रथम दिसली कॅनडात, टोरांटोच्या परिसरात. ऑक्टोबर सरण्यापूर्वीच न्यूयॉर्कमधील घोड्यांच्या ट्राम थंडावल्या. कोरडा खोकला, तीव्र ताप, वाहणारे नाक, गळून गेलेली शक्ती. निदान करायचे ते एवढ्यावरूनच. औषधे नाना प्रकारची दिली गेली, पण गुण येई तो विश्रांतीने, उबेने आणि मऊ चाऱ्याने. बहुतेक ठिकाणी शंभरातले एक-दोनच घोडे दगावले. अर्धवट बरे असतानाच गाडीला जुंपलेल्या घोड्यांची मात्र फुप्फुसे सुजत. पण ज्या गाडीवानाचे पोट एकाच घोड्यावर चालते, त्याला त्या घोड्याची पंधरा दिवसांची विश्रांती परवडणार कशी?

साथ पसरते कशी, हा त्या काळातील खरा वाद होता. रोगजंतूंचा सिद्धान्त अजून सर्वमान्य झालेला नव्हता. दोष हवेत आहे, असे अनेक जाणकार मानत. न्यूयॉर्कचे डॉक्टर जडसन यांनी ठिकठिकाणी साथ कोणत्या तारखेला पोहोचली, याच्या नोंदी जमवल्या आणि त्या नकाशावर मांडल्या. साथ वाऱ्याबरोबर नव्हे, तर रहदारीच्या मार्गांनी सरकली होती. रेल्वेवरची शहरे आधी आजारी पडली, आडवळणाची गावे नंतर. विषाणू कोणी पाहिलेलाही नसताना केवळ तारखांच्या आधारे काढलेला हा निष्कर्ष मला फार विलक्षण वाटतो. घोड्यांच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती लागला तो थेट १९५६ मध्ये, प्राग येथे.

२००७ मध्ये परदेशातून आणलेल्या घोड्यांबरोबर हा रोग ऑस्ट्रेलियात प्रथमच शिरला. आता लस उपलब्ध होती आणि ती वापरलीही गेली. पण सरकारने सर्वांत आधी घोड्यांची ने-आण बंद केली.