केंद्राचे छत्र ढळल्यावर : १८७६ ची अमेरिकन निवडणूक आणि घटक राज्यांचे कायदे

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा तो ग्रंथ त्यांनी गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांस अर्पण केला, हे आपल्या ज्ञातीतील वाचकांस विदितच आहे. आपल्या देशबांधवांनीही त्या लोकांचा कित्ता गिरवावा, अशी त्यांची उत्कट इच्छा होती. परंतु ज्या राष्ट्राविषयी जोतीरावांस एवढा आदर वाटला, त्या राष्ट्राने पुढील चारच वर्षांत आपण मुक्त केलेल्या माणसांचा हात कसा सोडला, आणि तो सुटल्यावर त्यांतील काहींस आधार कोठे मिळाला, हा इतिहास आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. तो येथे सांगण्याचे योजिले आहे.

यादवी युद्ध १८६५ साली संपले. त्यानंतरच्या पाच वर्षांत तीन घटनादुरुस्त्या झाल्या : पहिलीने गुलामगिरी नष्ट केली, दुसरीने नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण दिले, तिसरीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. १८७५ साली तेथील काँग्रेसने आणखी एक कायदा करून खाणावळी, नाटकगृहे, आगगाड्या अशा सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद करणे हा गुन्हा ठरविला. दक्षिणेकडील राज्यांत या सर्व गोष्टींचा खरा आधार म्हणजे केंद्र सरकारचे सैन्य होते.

अशा वेळी नोव्हेंबर १८७६ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. डेमोक्रॅटिक पक्षाचे टिल्डन यांना जनतेची मते सुमारे अडीच लाखांनी अधिक पडली. परंतु निर्वाचक मते १८४ च मिळाली, म्हणजे बहुमतास एक कमी. रिपब्लिकन पक्षाचे हेज यांचे भवितव्य फ्लोरिडा, लुइझियाना, साउथ कॅरोलिना आणि ऑरेगन येथील २० वादग्रस्त मतांवर अवलंबून राहिले. देश पुन्हा यादवीच्या उंबरठ्यावर आला की काय, अशी भीती बोलली जाऊ लागली. शेवटी पंधरा जणांचे एक मंडळ नेमले गेले आणि त्याने आठ विरुद्ध सात अशा मतांनी वीसही मते हेज यांच्या पदरात टाकली. ज्यांचे मत निर्णायक ठरले ते पंधरावे सभासद म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जोसेफ ब्रॅडली. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. हेज अधिकारारूढ झाले आणि एप्रिल १८७७ मध्ये साउथ कॅरोलिना व लुइझियाना यांच्या राजधान्यांतून सैन्याचा पहारा उठला. पडद्याआड काय ठरले होते यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. पण परिणामाविषयी वाद नाही.

सैन्य गेले तरी १८७५ चा कायदा पुस्तकात होता. तोही फार दिवस टिकला नाही. कॅन्सस, मिसुरी, कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क आणि टेनेसी येथून आलेले पाच खटले एकत्र करून सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर १८८३ रोजी तो घटनाबाह्य ठरविला. निकालपत्र लिहिणारे होते तेच ब्रॅडली. त्यांचे म्हणणे असे की, समान संरक्षणाची घटनादुरुस्ती राज्य सरकारांस बांधते, खासगी माणसास नव्हे. खाणावळवाला दार लावून घेत असेल तर दाद राज्याच्या कायद्याखाली मागावी; ते काम काँग्रेसचे नाही. एकटे न्यायमूर्ती हार्लन यांनी भिन्न मत दिले. ते केंटकीचे, एके काळी स्वतः गुलामांचे मालक असलेले, आणि गंमत अशी की खुद्द हेज यांनीच नेमलेले.

हा निकाल कृष्णवर्णी समाजास मोठा आघात होता, हे सांगावयास नको. तथापि त्यातील ‘राज्याकडे जा’ हे वाक्य काहींनी अक्षरशः घेतले. ओहायो, आयोवा, न्यू जर्सी व कनेक्टिकट यांनी १८८४ साली, इलिनॉय, मिशिगन, इंडियाना व मिनेसोटा यांनी १८८५ साली, पेनसिल्व्हेनियाने १८८७ साली आपापले नागरी हक्क कायदे केले. इलिनॉयचे विधेयक जॉन थॉमस यांनी मांडले. अलाबामात गुलाम म्हणून जन्मलेले हे गृहस्थ त्या विधिमंडळाचे पहिले कृष्णवर्णी सभासद, आणि निवडून आले होते नेमके १८७६ सालीच! ज्या निवडणुकीने दक्षिणेत एक दार बंद केले, तिनेच शिकागोत एक खिडकी उघडली. त्या कायद्यान्वये अपमान झालेल्या व्यक्तीस पंचवीसपासून पाचशे डॉलरपर्यंत भरपाई मिळू शकत असे.

आता एक प्रसंग विस्ताराने सांगतो. ऑगस्ट १८८९ मध्ये डेट्रॉइट शहरात विल्यम फर्ग्युसन नावाचे कृष्णवर्णी गृहस्थ एका मित्रासह गीझ यांच्या उपाहारगृहात गेले. नोकराने सांगितले की, या बाजूस आपणांस वाढता येणार नाही. पलीकडे मद्यपानाच्या बाजूस बसाल तर तेच अन्न मिळेल. फर्ग्युसन यांनी नकार दिला व मिशिगनच्या १८८५ च्या कायद्याखाली फिर्याद केली. खालच्या न्यायालयाने ज्यूरीस सांगितले की, अन्न सारखे असेल तर बसण्याची जागा वेगळी असण्यास हरकत नाही. आणि ज्यूरीने मालकाच्या बाजूने कौल दिला.

फर्ग्युसन यांचे वकील होते ऑगस्टस स्ट्रेकर. मूळचे बार्बाडोसचे हे कृष्णवर्णी विधिज्ञ प्रथम साउथ कॅरोलिनात स्थायिक झाले होते. १८७६ साली ते तेथील विधिमंडळावर निवडूनही आले. परंतु सत्तापालट झाल्यावर त्यांस आसन नाकारण्यात आले. पुढे १८८७ साली ते मिशिगनला आले. माणूस तोच, विद्या तीच, देशाची राज्यघटना तीच. एका राज्यात लोकांनी दिलेले आसनही हिरावले गेले, तर दुसऱ्यात तो वरिष्ठ न्यायालयापुढे उभा राहून सबंध प्रांताचा कायदा घडवीत होता. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १८९० मध्ये खालचा निकाल फिरविला. युद्धात एक हात गमावलेले न्यायमूर्ती मॉर्स यांनी स्पष्ट केले की, सार्वजनिक जागी वर्णावरून पंगत वेगळी मांडणे हेच मुळी विषमतेचे कृत्य होय. फर्ग्युसन स्वतः १८९२ साली मिशिगनच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. त्या सभागृहातील ते पहिले कृष्णवर्णी सभासद.

त्याच वर्षी, म्हणजे जुलै १८९० मध्ये, लुइझियाना राज्याने आगगाडीत वर्णपरत्वे वेगळे डबे ठेवण्याचा कायदा केला. होमर प्लेसी यांनी तो मुद्दाम मोडला, आणि १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य करून त्यांस हरविले. हार्लन या वेळीही एकटेच. त्या वर्षी लुइझियानात नोंदलेले कृष्णवर्णी मतदार १,३०,००० हून अधिक होते. राज्याने नवी घटना केल्यावर १९०४ साली ते सुमारे १,३०० उरले. डेट्रॉइटच्या खाणावळीत जे बेकायदा ठरले, तेच न्यू ऑर्लीन्सच्या गाडीत सक्तीचे झाले.

म्हणून उत्तरेकडील राज्ये स्वर्ग होती असे मात्र कोणी समजू नये. १८७९ साली दक्षिणेतून हजारो कुटुंबे कॅन्ससला गेली. तेथे नागरी हक्क कायदा १८७४ पासून होता. परंतु त्याच १८७९ साली त्याच राज्याने मोठ्या शहरांत प्राथमिक शाळा वेगळ्या ठेवण्याची मुभा दिली, आणि १९५४ चा प्रसिद्ध शाळाप्रवेशाचा खटला कॅन्ससच्याच टोपेका शहरातून निघाला. इलिनॉयच्या कायद्याने नाटकगृहाचे तिकीट मिळाले, पण भाड्याचे घर मिळेना. जुलै १९१९ मध्ये शिकागोत दंगल झाली तीत ३८ माणसे मेली. शिवाय कायदा वापरावयाचा तर साक्षीदार हवा, वकील हवा, आणि दिवसाची मजुरी बुडविण्याची ऐपत हवी. फर्ग्युसन यांस स्ट्रेकर भेटले. प्रत्येक गावी स्ट्रेकर नव्हते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ते शहर न्यू यॉर्क राज्यातले, म्हणजे जेथे १८९५ चा नागरी हक्क कायदा लागू होता आणि त्याच १९१३ साली अधिक कडक केला गेला होता. परदेशातील वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून टाकली होती, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. बडोद्यास परतताच ती कशी परत आली, हे आपण जाणतोच. मुंबई इलाख्यातही प्रांतिक ठरावाचे सामर्थ्य व मर्यादा त्यांनी पाहिल्या. रावबहादुर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये कायदेमंडळात संमत झाला, महाड नगरपालिकेने तो स्वीकारला, मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हक्क शाबीत व्हावयास उच्च न्यायालयाचा मार्च १९३७ चा निकाल यावा लागला.

या पार्श्वभूमीवर आपल्या राज्यघटनेची तीन कलमे वाचण्यासारखी आहेत. कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांचा उल्लेख असून ते केवळ सरकारास उद्देशून नाही. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, ती कोणी पाळली याचा भेद न करता. आणि कलम ३५ ने या अपराधास शिक्षा ठरविण्याचा अधिकार संसदेस दिला, राज्यांच्या विधिमंडळांस मुद्दाम दिला नाही. ब्रॅडली यांनी जी वाट बंद केली होती, ती येथे घटनेतच मोकळी ठेवली आहे. अमेरिकेस सार्वजनिक जागांविषयी पुन्हा राष्ट्रीय कायदा करण्यास १९६४ साल उजाडले, आणि तोही आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराच्या आधारे. १८८३ चा निकाल अद्याप रद्द झालेला नाही. त्या राष्ट्रीय कायद्यात सामान्य दुकाने येत नाहीत, स्त्रीपुरुषभेदही येत नाही. न्यू जर्सीच्या १९४५ च्या व कॅलिफोर्नियाच्या १९५९ च्या कायद्यांची व्याप्ती अधिक आहे. २०१६ व २०२४ च्या निवडणुकांनंतर तेथील लोक आपल्या राज्याचा कायदा काय म्हणतो हे पुन्हा बारकाईने पाहू लागले, त्याचे मूळ इतके जुने आहे. ज्यांची मुले तेथे नांदत आहेत त्या आपल्या कुटुंबांनीही ते पाहिलेले बरे.

असो. आपल्याशी अधिक निगडित अशी एक बाब उरते. माणसास ज्ञातीबाहेर टाकण्यास बंदी करणारा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द केला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने, २०१६ साली, महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला. २०१७ पासून तो अमलात आहे. तीन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. परंतु हा राज्याचा कायदा असल्यामुळे त्याची सत्ता राज्याच्या सीमेपर्यंतच चालते, आणि आपल्या सोयरिकी सीमेच्या दोन्ही बाजूंस आहेत. वाळीत टाकलेल्या कुटुंबास वकील व प्रवासखर्च देता यावा यासाठी आपल्या संस्थेने एक स्वतंत्र निधी उभारावा, अशी सूचना प्रस्तुत लेखक आगामी वार्षिक सभेपुढे मांडणार आहे. सभासदांनी तिचा विचार करून यावे, ही विनंती.